चावी डाव्या हाताला

३ फेब्रुवारी, सोमवार

ही याही आठवड्यात घरी येत नाही. ताईंनी, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीने, सकाळी फोनवर दुजोरा दिला.

"काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते आता. पण घरी नको म्हणते, भावोजी."

"का नको?"

"तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. झटका आल्यापासून हिचा उजवा हात लुळा आहे. तिकडे गेल्यावर एका हाताने पाण्याचा मग धरायचा, दुसऱ्याने धुवायचं — आणि हात एकच! हॉस्पिटलात मी म्हटलं होतं, मी करीन ना. हिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुमच्याकडून नाही." तिथून परस्पर ताईंकडे गेली.

एवढ्या वर्षांचा संसार. आणि माझ्या हाताची लाज!

४ फेब्रुवारी, मंगळवार

पेपर घडी न मोडता टेबलावर पडून आहे. ही असती तर एव्हाना मी संपादित केलेल्या पानावरच्या चुकांना पेन्सिलीने गोल झाले असते. एकदा 'मंत्र्यांच्या हसते उद्घाटन' छापून गेलं होतं. "हसतेच बरोबर आहे," म्हणाली होती, "फोटो बघा त्यांचा."

आजच्या पानात चूक आहे की नाही, कोण सांगणार?

६ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. ताईंकडे गेलो. हिच्या खोलीत नवी कॉट आली आहे, गादीवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही. ताईंनी चहा ठेवता ठेवता विषय काढला.

"आता माझ्याकडेच राहू दे तिला. तुम्ही दुपारी बाहेर पडता ते रात्री पान छपाईला सोडूनच घरी येता. घरात दुसरं बाईमाणूस नाही. रविवारी येत जा की तुम्ही."

रविवारी येत जा! मी काय पाहुणा?

ही आत सगळं ऐकत होती. निघताना एवढंच म्हणाली, "महिनाअखेर सांगते काय ते."

८ फेब्रुवारी, शनिवार

क्रीडा पान बघणाऱ्याला आम्ही पंच म्हणतो. रोज विचारतो, "वहिनी आल्या?" आज त्याला खरं कारण सांगून टाकलं. अडखळत सांगितलं. सार्वजनिक शौचालयांवर किती मथळे दिलेत मी! पण घरचं सांगायचं तर 'तिकडे' आणि 'ते', याच्या पलीकडे शब्दच फुटत नाही.

पंच हसला नाही. म्हणाला, "कमोडच्या सीटखाली बसवायची चपटी पट्टी मिळते. चावी फिरवली की खालून बारीक धार. हात लावायचं कामच नाही. आमच्या आईला बसवलंय. आता आत पेपर घेऊन जाते. तुमचं पान वाचते, बरं का."

"तिथे?"

"तिथेच शांतपणे वाचता येतं म्हणते."

लगेच मागवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्लंबर आला. सीट काढायलाच अर्धी सकाळ गेली — खालचे नट गंजून चिकटले होते. मग पट्टी बसली, टाकीच्या नळाला फाटा जोडला, पांढरी टेप गुंडाळली. "सोडा पाणी," म्हणाला. धार कुठून येते ते बघायला मी वाकलो आणि चावी फिरवली. चष्म्यासकट तोंड धुऊन निघालं!

"साहेब, त्यावर बसायचं असतं. बघायचं नसतं."

तो गेल्यावर बसून पाहिलं. दचकलो. पाणी गार. पण काम चोख. उठलो तो थेट फोनकडे.

"बसवलं," मी म्हटलं.

"काय?"

"तेच. तिकडे."

ही हसली! आजारपणानंतर पहिल्यांदा ऐकलं ते हसणं.

"हात नाही लागत?"

"कुणाचाच नाही."

"आणि चावी कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

मग "बरं" म्हणाली, आणि फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लुळा हात उजवा. चावी उजवीकडे. एवढी चूक दुसऱ्या कुणी पानात केली असती, तर सगळ्यांसमोर हजेरी घेतली असती मी त्याची. ते "बरं" कानातून जात नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्लंबर फोनवर म्हणाला, सगळ्या पट्ट्यांना चावी उजवीकडेच असते. उलटी बसवली तर धारही उलटी. दुसरा एक प्रकार मिळतो — पट्टीला चावीच नसते, पाण्याची नळी भिंतीवरून फिरवून हवी तिथे चावी बसवायची. शनिवारी येतो म्हणाला. शनिवार म्हणजे कुठला, ते विचारून घेतलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आला! चावी डाव्या भिंतीवर.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईंकडे गेलो नाही. उजवा हात मफलरने अंगाशी बांधला आणि दिवस काढला.

आधाराचा दांडा उजवीकडे आहे, त्याचा उपयोग शून्य. दिव्याचं बटण अंग पिळून दाबावं लागतं. दाराची कडी डाव्या हाताने सरकतच नाही. आत अडकलो असतो. पायजम्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही, हे मला या वयात कळलं. पायजमा धरून उभा राहिलो तोच दारावर इस्त्रीवाला! "साहेब, हाताला काय झालं?" "काही नाही, बघत होतो." तो कपडे ठेवून गेला.

दुपारी बाथरूममध्ये स्टुलावर बसून राहिलो. हिच्या साबणाच्या वडीला चिरा पडल्या आहेत. डाव्या हाताने ओली केली. वास आला. गेल्या महिन्यात कित्येकदा इथे आलो असेन, हा वास विसरलो होतो! वडी सुकेपर्यंत तिथेच होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोन केला. "चावी डावीकडे. दांडा डावीकडे. दिव्याला दोरी लावलीय. कडीला तेल घातलंय."

"कडीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हात बांधून पाहिला."

"वेडे आहात." मग — "रविवारी येते. राहायला नाही. बघायला."

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाणी तपासलं. पुन्हा तपासलं. टाकी भरलेली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आली. सोबत ताई. बॅग नाही.

चपला काढून थेट तिकडेच गेली. ताई मागोमाग निघाल्या, "थांब, मी येते ना आत." "नको, ताई." दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं बाहेर. ताई म्हणाल्या, "पेपरात जगाला शहाणपण शिकवता, पण ती आत पडली-बिडली तर?" पाण्याचा आवाज. थांबला. पुन्हा आला. ताई पुटपुटल्या, "दोनदा?"

कडी सरकली. ही बाहेर आली, काठी डाव्या हातात, मान ताठ. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, माझी बॅग पाठवून दे."

"अगं, पण बाकीचं? आंघोळ, केस, साडी?"

"बघू."

ताईंचे डोळे भरले. "कॉट घेतली होती गं मी." हिने काठी भिंतीला टेकवली आणि त्यांना डाव्या हाताने जवळ ओढलं. मी चहा करायला आत गेलो. तिघांचा केला, साखर घालायची विसरलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ही म्हणाली, "ताई केस धुताना फार ओढते. उद्या तुम्ही धुवा."

"माझ्याकडून चालेल?"

"तेवढं एकच नको होतं. बाकीचं कधी नको म्हटलं?"

उद्या सकाळी. पाणी कोमट हवं, नखं कापलेली हवीत, आणि डोळ्यांत फेस गेला तर माझी धडगत नाही.