गंगेवरचे मौनीबाबा

रविवार, १२ एप्रिल १९३१

गंगा आली! राजापूरची गंगा, तीन वर्षांनी. सगळी कुंडं भरून वाहताहेत म्हणे. मचव्यावरचा केरू सांगत आला. पण त्याची खरी बातमी निराळीच. अंगणातूनच ओरडला, "वैनी, तुमचे धनी गावले! गंगेवर बसलेत, मौनीबाबा म्हणून. शप्पथ, या डोळ्यांनी बघितलं!"

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. सासूबाई उठून देवापाशी गेल्या.

सोमवार, १३ एप्रिल

आमचे हे घर सोडून गेले तेव्हा मी बारा वर्षांची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चेहरा आठवू म्हटलं तर मुंडावळ्याच आठवतात. नऊ वर्षं कुंकू लावते, ते कोणासाठी? सांगता यायचं नाही.

शाळेत मुलींना पाढे म्हणायला लावले आणि मीच चुकले! चिमा फिदीफिदी हसली.

मंगळवार, १४ एप्रिल

हरिभाऊजी (धाकटे दीर) भारी खूश. "वहिनी, मठ आपल्या दारात येईल! दादाच्या शेजारी तुम्ही बसायचं. लोक तुमच्याही पाया पडतील. मास्तरीणपणा बास झाला आता."

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज माझ्या ट्रंकेत आहे, हे त्यांना ठाऊक नाही. शाळेच्या मास्तरांनी आणून दिला. सगळा भरलाय. 'पती अगर पालक यांची संमती' — तेवढीच ओळ कोरी.

मी ठरवलं आहे. गंगेवर जायचं आणि लोकांदेखत विचारायचं. येता, की मला मोकळं करता? मौन असेल तर पाटी पुढे करीन. लिहा म्हणेन!

गुरुवार, १६ एप्रिल

उद्या भरतीबरोबर निघायचं. सासूबाई दर गंगेला जातात. स्नान झालं की प्रत्येक गोसाव्याच्या तोंडाकडे बघत फिरतात. मागल्या खेपेला एकाने चिमटा उगारला होता. तरी जातात.

रविवार, १९ एप्रिल

परत आलो. सगळं लिहून ठेवते.

खाडीतून मचव्याने राजापूर, पुढे पायी. आधी उन्हाळे गावच्या ऊन झऱ्यात अंघोळ, मग गंगा. केवढी माणसं! ओलेती लुगडी, फुलं, रडणारी पोरं. मूळ गंगेचं पाणी ओंजळीत घेतलं — इतकं गार, की कशाला आले तेच घटकाभर विसरले.

बाबा वडाखाली बसलेले. दाढी छातीवर, डोळे मिटलेले. एक बाई मेलेल्या मुलाचं सांगून रडत होती. ते नुसते तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले, ती शांत होईपर्यंत. ढोंगी वाटले नाहीत. हे लिहायलाच हवं.

मी ओळखलं का? नाही. कसं ओळखणार?

तरी पुढे झाले. पाटी त्यांच्यासमोर ठेवली. "मी सावित्री. तुम्ही माझे कोण, ते लिहा." त्यांनी डोळे उघडून पाटीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पेन्सिल उचलली नाही.

"आईला विचारा!" हरिभाऊजी म्हणाले. "आई सांगेल."

सासूबाई समोर बसल्या. दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरला. किती वेळ! मग वाकून पायांवर डोकं टेकलं. उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पुण्यवान माणूस आहे. पण माझा महिपत नव्हे."

"आई, नीट बघ तरी —"

"नऊ महिने पोटात मी वागवलाय. तू मला सांगणार?"

झालं! केरूसुद्धा खाली बघायला लागला.

मला एकदम हलकं वाटलं. आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. वाटेत सासूबाईंचा हात धरला तर बर्फासारखा गार.

बुधवार, २२ एप्रिल

अर्जावर सासूबाईंनी अंगठा उठवला — पालक म्हणून! मी मागितलाही नव्हता. मास्तरांना त्यांनीच बोलावून घेतलं. हरिभाऊजी तणतणले, "घरच्या बाईने एकटीने पुण्यास राहायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, मी पाठवलीय."

अर्ज डाकेत मी स्वतः टाकला.

मंगळवार, १९ मे

जागा मिळाली!!

रविवार, २४ मे

उद्या जैतापूरहून आगबोट. सासूबाई माझी वेणी घालत होत्या. मागूनच म्हणाल्या, "तोच होता ग."

मला कळेचना. "कोण?"

"महिपत. गंगेच्या पाण्याशी खोटं बोलले. ते पाप माझं, मी बघेन."

मी वळायला लागले, तर त्यांनी केस घट्ट धरले.

"हलू नको. पेड राहिलाय अजून."