पद्मावतीकाकी अजून तुयेत का आहे

ती. शांतारामकाकांस,

पेडण्यातल्या आपल्या तुये गावाहून प्रज्योतचा वाकून नमस्कार; वास्कोला पोचेपर्यंत तो थोडा दमला असेल, गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळी खुशाल. गणपतीच्या चवथीला तुम्ही दोघं आलात, ड्युटीसाठी तुम्ही परतलात आणि काकी पाच दिवस म्हणून राहिली, त्याला आता पाच आठवडे झाले. ती कधी येणार हे तुम्ही रोज फोनवर विचारता, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा 'चिरो' बँड तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही त्याला टोळकं म्हणता). गिटारीसोबत आरतीत वाजतं ते मातीचं घुमट वाजवायचं आणि गाणी स्वतःची म्हणायची, हा आमचा हट्ट. पण डिचोलीत आमच्या गौरेशने घुमटावर थाप मारली आणि अख्खा मंडप हात जोडून उभा राहिला. आरतीच वाटली त्यांना! गाणं होतं मोपाच्या विमानतळावर नोकरी मागायला गेलेल्या पोराचं, आणि लोक डोळे मिटून टाळ्या वाजवतायत. एका आजीने तर स्पीकरपुढे कापूर लावला (वायर वाचली, देवाची कृपा). शेवटी प्रसाद नाही म्हणून कमिटीने आम्हालाच झापलं.

माघार घेतील ते दुसरे. पुढच्या खेपेला, साखळीत, काकीकडून पंचखाद्याचा डबाच भरून नेला, आणि डबा सांभाळायला काकीलाही. नेमका आमचा गायक सिद्धेश फॅक्टरीत अडकला. घुमट वाजलं, मंडप उठला. काकीने डबा खाली ठेवला, माइक घेतला आणि म्हणाली, "बसा गो बायांनो. ही आरती न्हय, पोरांचं गाणं आसा. बसून आयका." बसले सगळे. मग तिनेच ते गाणं म्हटलं (आमची तालीम ऐकून पाठ झालेलं). काका, खोटं सांगत नाही, मला रडू आलं.

आता लोक 'काकी गाणार ना?' एवढंच विचारतात. मोबाइलवर आम्हाला ऐकणारे चाळीस होते, ते नऊशे झाले. सिद्धेश हल्ली टाळ वाजवतो (आनंदाने, असं तो म्हणतो). रविवारी तुमच्या वास्कोत तिकीट लावून आमचा पहिला कार्यक्रम. काकी घरी परतली तर बँड बुडाला, आणि तो मी बुडू देणार नाही.

तुमचा आज्ञाधारक (वरचं शेवटचं वाक्य सोडून),
प्रज्योत

ता. क. खरं मागणं हे, की तिला डिसेंबरपर्यंत राहू द्या. भाताला पाणी किती घालायचं ते आई फोनवर सांगेल.

आणखी ता. क. पत्र काकीने वाचलं. खालचं अक्षर तिचं.

डिसेंबरचं माझं मी बघेन, त्यासाठी पोराला पत्र लिहायला नको. रविवारी पुढच्या रांगेत बसा. लग्नाच्या वर्षी मी रांधताना गात होते, तेव्हा तुम्ही बाहेरून ओरडलात, तो रेडिओ बंद कर. मी गप्प झाले, ती बावीस वर्षं. आपल्या घरात रेडिओ नव्हता.