मागचा दरवाजा

प्रिय आई,

मी बरा आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तू जन्मभर जिथे स्वयंपाक केलास, ते मिसिसिपीकाठचं हॅलोवेलांचं घर आम्ही पुन्हा जुन्यासारखं करतोय. या आठवड्यात व्हरांड्याचं छत निळं रंगवलं. वर बघून बघून मान धरलीय, बाकी काही नाही. मुकादम पर्सी म्हणतो, "भुतांना ते पाणी वाटतं, म्हणून ती ओलांडत नाहीत. डास मात्र फसत नाहीत."

शिकागोत थंडी पडली का? गुडघे कसे आहेत? मेव्हिसताई अजून मक्याच्या पावात साखर घालते का? घालू दे, भांडू नकोस.

उद्घाटनाला जुन्या नोकरांनाही बोलावणं आहे. तू म्हणणार, "मी आपली मागच्या दारानं येईन." आई, ते दार आता नाही. घर बांधलं तेव्हा ते नव्हतंच म्हणे, म्हणून बुजवायला लावलं. गिलावा मीच केला. मग दिवसभर हात उचलवत नव्हता.

तेव्हा तुला पुढूनच यावं लागेल. पायऱ्या उंच आहेत. मी खाली उभा राहीन, माझा हात धर.

तुझा दमलेला,
एझ्रा