फरशीला चिकटलेली बरणी

सातपूर, १९८२

सौ. कुसास, सावळीरामचा आशीर्वाद.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. दादांचा खोकला कसा आहे?

अगं, बरणीच्या झिलईत, त्या काचेसारख्या लेपात, स्फटिकांची फुलं उमलली! भट्टी निवताना आच धरून ठेवली की उमलतात म्हणायचो ना, तश्शी. पण झिलई खाली ओघळली आणि बरणी भट्टीतल्या फरशीला चिकटून बसली. आधीच्याही अशाच चिकटल्या, सगळ्या सोडवतानाच फुटल्या. कारखान्याचे शेठ म्हणतात, तुझ्या फुलांपायी भट्टी खराब झाली, शनिवारी छिन्नी मारून फरशी मोकळी कर, मग कामावर येऊ नकोस.

गावी भट्टीतलं पहिलं भांडं तूच उतरवायचीस. मी अजून हात लावलेला नाही. शनिवारच्या आत ये, कुसा. तुझ्या हातून फुटली तरी चालेल. फुलं आली होती, हे माझ्याखेरीज कुणीतरी बघितलेलं हवं.

वाट बघणारा,
सावळीराम