टोपलीत नुसती फुलं

१४ नोव्हें. ९९, रवि.
वाचनालयात बसून तिन्ही पेपरांतली त्या नव्या सिनेमाची परीक्षणं वाचली. सगळीकडे एकच सूर: हरवलेल्या गावाची हळवी आठवण. आठवण कसली? थट्टा आहे ती! नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधला कारकून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या जुन्या गावात शिरतो. तिथे कुणाला घाम येत नाही, कुणी भांडत नाही, कोळणीच्या टोपलीत नुसता मोगरा. बिचारा दोन बोंबील मागतो, तर सगळं हसरं गाव मिळून त्याला कॅलेंडरबाहेर ढकलतं. आणखी किती स्पष्ट सांगायचं? एकाला शेवट ‘उगाच कडवट’ वाटला. दुसऱ्याला मोगऱ्यात अभिरुची दिसली.
माझी आय पाचूबंदरच्या लिलावात मासळी घेते, दारोदार विकते. तिच्या टोपलीला वास येतो. त्याच वासावर मी बी. ए. झाले.
जे. सरांच्या साप्ताहिकात लिहायचंच.

१६, मंगळ.
काल आयला त्याच सिनेमाला नेलं. वाटलं, चिडेल. रडली! येताना म्हणे, “कसं साफ गाव गो! त्या टोपलीवाल्या कोलनीला बसाया खुर्ची दिली, पानी दिलं. मना कोन देतं?”
“आय, ते खोटं आहे!”
“म्हाईत हाय. खुर्ची तरी होती ना?”
इतका राग आला की जेवले नाही. कुणाचा, ते अजून कळत नाही.

१९, शुक्र.
आचोळ्याच्या एका सोसायटीत आय नऊ वर्षं मासळी घेऊन जाते. आज फाटकावर कागद: मासळीवालींना आत मनाई. सेक्रेटरी हसून म्हणाले म्हणे, “मावशी, सिनेमातलं गाव बघितलंत ना? तसं करायचंय आपल्याला.”
आपल्याला!
टोपली भरलेलीच परत आली. बोंबील वाळत घातले. मी आजचं सगळं परीक्षणात लिहून काढलं. थट्टा न कळलेली माणसं पुढे काय करतात, ते.

२०, शनि.
जे. सरांनी लेख वाचला. “छान लिहितेस. सोसायटीचा परिच्छेद तेवढा काढ.”
“का?”
“सेक्रेटरी आपल्याला जाहिराती आणून देतात. आणि पोरी, सिनेमाच्या परीक्षणात मासळी कशाला?”
सिनेमाच त्यावर आहे, सर!
उद्या संध्याकाळपर्यंत सांग, म्हणाले. परिच्छेद काढला तर पहिल्या पानावर, नावासकट. माझं नाव छापून आलेलं घरात कुणी पाहिलेलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

२१, रवि.
सकाळी आय टोपली भरत होती. बोंबलांवर केळीचं पान, पानावर शेवंती.
“हे काय?”
“मोगरा न्हाय गावला. सेक्रेटरीला सांगीन, बाबा, तुजं गाव आलं दारात. आता खुर्ची दे.”
“नको जाऊस, आय. हसतील.”
“हसू दे. बोंबील घेतील ना?”
डोळा मारून गेली. मला हसू आलं नाही. तिने टोपली झाकायची, मी लेख कापायचा, आणि गाव त्यांचं साफ.
दुपार टळली. ती अजून आली नाही. इतका उशीर करत नाही कधी. जे. सरांनी निरोप धाडलाय, काय ठरलं? परिच्छेद काढलेला नाही. लेख पिशवीत घालून उंबऱ्यावर बसलेय. आधी आचोळं, मग सर. नाहीतर आयलाच घेऊन सरांकडे, टोपलीसकट. बस आली वाटतं