अश्रूंची सत्यप्रत

आर. के. पुरम, ४ ऑगस्ट २०२५

चि. लुंबिनीस सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी मोबाइल बंद केलाय, म्हणून गुरुग्रामला पत्र. उजवा डोळा लालच आहे. बाई म्हणतात, शरीराचे शिपाई माझ्याच डोळ्याला शत्रू समजून झोडताहेत. सूज किती, ते अश्रूंतल्या प्रथिनांवरून कळतं. त्या आकड्यावर इंजेक्शन ठरणार, आणि ते वेळेवर मिळालं नाही तर डोळा जाईल.

अश्रू टिपायला कागदाच्या दोन पट्ट्या घरी दिल्या होत्या. आता बत्तीस वर्षं सरकारी फायली सांभाळलेला माणूस मूळ कागद हातचा सोडतो का? माझी पट्टी फ्रिजमध्ये, लोणच्याशेजारी, दप्तरी ठेवली. दुसरी तुझ्या आईच्या डोळ्याला लावली, पाकिटावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारला नि जमा केली. एकोणचाळीस वर्षं एकाच घरचं खातोय, फरक तो काय पडणार? आई नको नको म्हणत होती. तिला कागदपत्रांची किंमतच नाही.

जावयांना जयभीम सांग. आहे ती माया वाढती ठेव.

तुझा बाबा

गुरुग्राम, ८ ऑगस्ट

ती. बाबांस सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मीटिंगमध्ये हसले आणि मग घाबरले. बाबा, यार, अश्रूंची झेरॉक्स निघत नाही. आईचा आकडा नॉर्मल येईल, तुमचं इंजेक्शन थांबेल आणि डोळा हातचा जाईल. उद्याच जाऊन खरं सांगा आणि नवी पट्टी द्या. फ्रिजमधली नेऊ नका, तिला आता मोहरीचा वास लागला असेल. आईला सोबत न्या, नाहीतर तिथे अर्ज लिहीत बसाल.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची लुंबिनी

आर. के. पुरम, १२ ऑगस्ट

चि. लुंबिनीस जयभीम व गोड पापा.

जाऊन आलो. ह्यांनी खरं सांगितलं, तेही साहेबांसमोर उभं राहतात तसं हात बांधून. तोवर रिपोर्ट आला होता. सत्यप्रतीचा आकडा भलताच वर, बाई इंजेक्शन भरूनच बसल्या होत्या. हे ऐकल्यावर त्यांनी मलाच दिव्यासमोर बसवलं. माझ्या दोन्ही डोळ्यांना सूज आहे, आजार तोच. ह्यांच्या नव्या पट्टीचाही आकडा वरच आला. आता शनिवारी दोघांनाही इंजेक्शन.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, कधीपासून दुखतंय. म्हटलं, बुद्धपौर्णिमेपासून.

तू चिडशील, पण माया आटवू नकोस. ह्यांचा डोळा जायची भाषा चालली होती, लुंबे. घरात एक तरी धड डोळ्यांचं माणूस आहे, असं ह्यांना वाटत राहावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तुझी आई,
भीमाबाई