बिनधक्क्याची बंदूक

१ डिसेंबर, रविवार

निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक आज परत आणली. बारा बोअरची दुनळी. बापू गेल्यापासून लायसन्स माझ्या नावावर. रिटेनर म्हणून काजलचं नाव टाकलंय. रिटेनर म्हणजे मी नसताना बंदूक सांभाळणारी, असं बायकोला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, फॉर्म मीच भरला होता.

फॉरेस्टचा परवानाही हातात आला. उमरेडच्या शेतातला अर्धा हरभरा रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खाल्लाय. आई शेतावर एकटी राहते, सोबतीला एक शेरू कुत्रा. गोफण फिरवून फिरवून तिचा खांदा गेला. रोही आता गोफणीकडे बघतसुद्धा नाहीत.

संकल्प: कळपातला मोठा नर संक्रांतीच्या आत पाडायचा. निळ्या अंगाचा, घोड्याएवढा आहे. बुटीबोरीला आमच्या डिस्पॅच सेक्शनमध्ये मला ‘पॉकेट साइज’ म्हणतात. रोह्यासोबतचा फोटो ग्रुपवर टाकला की बंद होईल.

७ डिसेंबर, शनिवार. शेत

ट्रायल घेतली. बांधावर पत्र्याचा ड्रम ठेवला. आई म्हणाली, बंदूक खांद्याले गच्च लावजो. सूचना नको होती.

बार जबरदस्त झाला. दोन्ही चाप एकदम दाबले गेले. पुढचं थोडं अंधूक. शुद्ध आली तेव्हा मी पाटात पडलो होतो आणि शेरू माझं तोंड चाटत होता. तोंडात रक्त होतं म्हणून चाटत असावा. खालचा ओठ फाटला. समोरच्या दाताचा तुकडा उडाला, तो सापडला नाही. ड्रमला काही झालं नाही. वारा होता.

काजलने बंदूक उचलली, पाय फाकवून पुढे झुकली आणि एक बार काढला. ड्रमची चाळणी झाली. कॉलेजात एनसीसीला होती, म्हणते. माझ्या दोन बारांनी बंदूक नरम पडली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही. बोलता येत नव्हतं.

१० डिसेंबर, मंगळवार

खांदा वांग्यासारखा झालाय. डाव्या हाताने डबा खाल्ला. ऑफिसात स्कूटीवरून पडलो असं सांगितलं. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. तेही आवडलं नाही.

मोबाईलवर व्हिडिओ बघून राहिलोय. लहान चणीच्या माणसाने हरणाच्या शिकारीला कोणती बंदूक घ्यावी, यावर परदेशात भरपूर अभ्यास झाला आहे. व्हिडिओत सगळ्या बाया आणि शाळकरी पोरं आहेत, म्हणून मी ते काजलसाठी बघतोय. सार असं की बंदूक हलकी हवी आणि धक्का कमी हवा. दुनळी आहे सब्बलीसारखी जड. म्हणजे दोष बंदुकीत आहे. बापू सहा फुटी होते, त्यांना काय कळणार.

१४ डिसेंबर, शनिवार

गांधीबागेच्या मागे बंदुकांचं जुनं दुकान आहे. मालक मनोहरराव. सांगितलं, मिसेससाठी हलकी, बिनधक्क्याची बंदूक दाखवा. काजल शेजारीच उभी होती.

मनोहरराव म्हणाले, या दोन गोष्टी सोबत मिळत नाहीत. बार तोच राहिला तर बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त. जड बंदूक निम्मा धक्का स्वतःच गिळते. दुनळीच ठेवा, खांद्याला टेकतो तो लाकडी कुंदा इंचभर कापून मागे रबर लावून देतो. हात लहान असला की लांब कुंदा बगलेत अडकतो आणि माणूस मागे पडतो.

सेल्समनशिप. कुंदा कापायचं काम मिळवायचं होतं त्यांना. पण बाईमाणसासमोर वाद नको म्हणून हो म्हटलं. काजलच्या मापाने कुंदा कापला. माझं मापही तेच निघालं, योगायोग.

लायसन्सवर दुसऱ्या बंदुकीची जागा आहे. ती मी एकनळीने भरली. इतकी हलकी की एका हाताने उचलता येते. आरशासमोर उचलून बघितली. मनोहरराव दुसरीकडे बघत होते.

१५ डिसेंबर, रविवार. शेत

एकनळीचा पहिला बार. रोह्यासाठीचं मोठ्या छर्र्यांचं काडतूस घातलं.

नाकातून अजून रक्त येऊन राहिलंय. कुंदा खांद्यावरून सटकून गालावर बसला. गालाचं हाड सुजून उजवा डोळा बंद. आईने हळद लावली. हसू दाबत होती की रडू, एका डोळ्याने कळलं नाही.

काजलने रबर लावलेल्या दुनळीने चार बार काढले आणि स्वयंपाकाला गेली.

निष्कर्ष: बंदूक उत्तम आहे. काडतूस चुकीचं आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

तोडगा सापडला. तितरासाठी असतात ती बारीक छर्र्यांची काडतुसं काल आणली. मनोहररावांना रोह्याचं बोललो नाही, तरी त्यांनी ओळखलं. म्हणाले, भाऊ, यानं रोही मरत नाही. चिडते फक्त. आणि जखमी जनावर कोणीकडे धावेल याचा नेम नाही.

काजलही रात्रभर तेच बोलत होती. शेवटी म्हणाली, मारायचं असेल तर नीट मारा, नाहीतर मारू नका, जिवाचा प्रश्न आहे. बायका भावनेने बोलतात. मी आज शेतावर जाऊन एक बार काढून बघितला. धक्का नाहीच. उशी मारल्यासारखं वाटलं. हेच शोधत होतो मी इतके दिवस.

२१ डिसेंबर, शनिवार. शेत

पाटाकाठच्या मोहाच्या झाडावर मचाण बांधलं. म्हणजे शेजारच्या धोंडबाने बांधलं, मी खालून सूचना दिल्या. मचाणावरून इकडे हरभरा दिसतो, तिकडे आमचं अंगण. धोंडबा विचारत होता, वहिनी बसणार का वर?

उद्या पहाटे. नवीन जॅकेट आणलंय. मोबाईल चार्जिंगला लावला.

२२ डिसेंबर, रविवार. दवाखाना, नागपूर

उशीर झालाय. पण लिहितो. जसं झालं तसं नोंदवून ठेवलं पाहिजे, पुढे लोक काहीही बोलतील.

उजाडताना कळप आला. निळा नर सगळ्यांत पुढे. माझ्या अगदी जवळ आला, त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. मी तोंडावर नेम धरला आणि बार काढला. लागला. हे महत्त्वाचं आहे. माझा नेम लागला.

तो पडला नाही. त्याने मान झटकली. एक डोळा फुटून गालावर आला होता. तोंडभर रक्त. मग तो ओरडला. रोही ओरडते हे मला माहीत नव्हतं. कळप जंगलाकडे पळाला आणि हा, काही दिसत नसल्यामुळे असेल, उलटा फिरून घराकडे सुटला.

कुंपणाची तार छातीने तोडली. शेरू भुंकत आडवा गेला. त्याला तुडवून गेला, शेरूचा आवाज मधेच तुटला. आई अंगणात तुरीच्या शेंगांचे सोले सोलत बसली होती. उठायला गेली. तो सरळ तिच्या अंगावरून गेला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मचाणापर्यंत आला. लाकूड फोडल्यासारखा.

तो गोठ्याच्या भिंतीवर आदळला, पडला, उठला, परत फिरला. आई मधेच पडलेली. त्याचे खूर तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. मी वरून त्याच्यावर नजर ठेवून होतो. एकनळीत एकच काडतूस राहतं. दुसरं भरत होतो, ते हातातून खाली पडलं.

काजल चुलीजवळून उठून दुनळी भरून घेऊन आली. पळत नाही आली, चालत आली. आई आणि रोही यांच्या मधे उभी राहिली. तो तिच्या अंगावर आला. तिने छातीत बार मारला. तो गुडघ्यांवर आला तरी सरकतच होता. तिने पुढे जाऊन कानामागे दुसरा मारला. तेव्हा थांबला. सुपातल्या सोल्यांवर सगळं रक्त.

मग तिने बंदूक भिंतीला टेकवली आणि ओकली.

धोंडबा ट्रॅक्टर घेऊन धावत आला. आईला खाटेसकट ट्रॉलीत टाकून उमरेडपर्यंत नेलं, तिथून ॲम्ब्युलन्स. मी समोर बसून रस्ता दाखवला.

२३ डिसेंबर, सोमवार

मांडीत रॉड टाकणार. उद्या ऑपरेशन. दोन बरगड्याही मोडल्यात. आई भूल नसतानाही गप्प पडून असते, कण्हत नाही. तेच बघवत नाही.

फॉरेस्टचे गार्ड पंचनाम्याला शेतावर आले होते. मी गाडीने जाऊन आलो. सांगितलं, जनावर आधीच माझ्या गोळीने कमजोर झालं होतं, मिसेसने फक्त शेवट केला. गार्डने रोह्याच्या चेहऱ्यावर टॉर्च मारला. म्हणाला, हे तुमचे छर्रे, कातडीतच अडकले आहेत. मग विचारलं की घरापासून इतक्या जवळ असं काडतूस वापरायला कोणी सांगितलं. दुकानदाराचं नाव सांगणार होतो. सांगितलं नाही. एवढा प्रामाणिकपणा मी दाखवला, त्याची कोणी नोंद घेतली नाही.

परत येताना शेरूला पुरलं. फावडा जड होता. खांदा दुखत असल्याने खड्डा उथळ झाला. नंतर धोंडबाने वर दगड लावले.

२५ डिसेंबर, बुधवार

ऑपरेशन नीट झालं. आई बोलू लागली. काजलला म्हणाली, तुले लागलं तर नाही ना वं? काजलच्या डाव्या खांद्यावर खरचटलंय, तिने ते मला दाखवलंच नव्हतं.

मग आईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी मागते.

म्हणाली, “बाबू, तू मचाणावरून काहून उतरला नाही?”

मी सांगितलं, शिडी हलत होती. सांगितलं, दुसरं काडतूस भरत होतो. सांगितलं, वरून नजर ठेवणारा एक माणूस लागतोच. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बरं.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

काजल मोसंबी सोलत होती. तिने वर बघितलं नाही.

शिडी हलत होती. धोंडबाला विचारता येईल. तो तिच्यावरून तीन वेळा चढला-उतरला होता, पण त्याचं वजन जास्त आहे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिसात कळलंय. ग्रुपवर फोटो आला, कोणी काढला माहीत नाही. रोही, दुनळी, शेजारी काजल. मी फोटोत नाही. साहेब म्हणाले, वहिनींना एकदा कँटीनमध्ये बोलवा, सत्कार करू. मी म्हटलं, तिला असलं आवडत नाही. हे खरं आहे. घरी येऊन विचारलं तर ती भांडी घासत म्हणाली, त्याच्या ओरडण्यानं मले झोप येत नाही, आणि हे सत्कार करून राहिले.

तिला एकनळी द्यायची ऑफर दिली. हलकी आहे, म्हटलं, पुढच्या वेळी सोपं जाईल. तिने हात पुसले. मग एकनळी आणि उरलेली काडतुसं घेऊन स्वतः मनोहररावांकडे परत देऊन आली. मला बरोबर नेलं नाही. लायसन्स माझ्या नावावर असल्याने सही तेवढी घेतली.

५ जानेवारी, रविवार. शेत

आईला अजून महिना तरी चालता येणार नाही. काजल तिच्याजवळ. शेत राखायला मी एकटा. ऑफिसातून रजा टाकली, कारण लिहिलं ‘वन्यजीव व्यवस्थापन’.

कळप परत येतो. नर नाही, माद्या आणि पिल्लं. मी ताट बडवतो. ते थोडं सरकतात आणि पलीकडचं खातात.

आज सकाळी धोंडबा आला. त्याच्या तुरीत दुसरा कळप शिरला आहे, त्यात एक लंगडा नर आहे, माणसावर येतो. त्याच्या माणसांना शेतात जायची भीती वाटते. वहिनी येतील का, विचारायला आला होता. परवान्याचं काम तो बघणार.

मी त्याला चहा केला. सांगितलं, काजल आता बंदूक धरत नाही, तिने तसं ठरवलंय. मग मला एकदम भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी दारात येऊन मदत मागत होतं. मी कप खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि म्हटलं, “मी येतो ना, धोंडबा. दुनळी घेऊन येतो. मचाण नको, जमिनीवरूनच मारतो.”

मनापासून म्हटलं होतं. इथे लिहितो कारण तिथे ते तसं ऐकू गेलं नसावं.

धोंडबा चांगला माणूस आहे. हसला नाही. चहा पूर्ण संपवला, कप विसळून पालथा घातला. अंगणात जिथे डाग अजून गेलेला नाही तिथे जरा थांबला, आणि माझ्या खांद्यावर हळूच, दुखणार नाही असा, हात ठेवून म्हणाला,

“राहू द्या, भाऊ. रोही परवडले.”